शहर-कारखाना सोडून निसर्गात साधं राहणं : पुण्याच्या आसपास हे खरंच जमतं का?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. चाळिशी ओलांडली, बायको शाळेत शिकवते, मुलगी आठवीत. नोकरीत मला स्वतःला काही त्रास नाही, तरी एक गोष्ट मनातून जात नाही. लाइनवर पट्टा ज्या वेगाने सरकतो त्या वेगाने माणसं जेवतात, पाणी पितात, लघवीला जायची परवानगी मागतात. पट्ट्यावर विशी-बाविशीतली कंत्राटी पोरं आहेत, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली. घरी शेती आहे का विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात.

माझं मत सरळ आहे. ज्या व्यवस्थेला रोज जास्त माल, जास्त वीज, जास्त रस्ते लागतात, तिला आतून सुधारणं माझ्या आवाक्यातलं नाही. गरजा कमी करून, जमिनीजवळ, हाताने काम करत जगणं हे मला तिला देण्याजोगं सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटतं. पर्यावरणावर लिहिणारे दिलीप कुलकर्णी दापोलीजवळ कुडावळ्याला सहकुटुंब राहायला गेले, त्यांच्याबद्दल वाचल्यापासून हा विषय आमच्या घरात रोजचा झालाय.

वेल्हे, भोर, मुळशी भागात कुणी असं राहतंय का? पैशाचं काय केलंत? मुलांच्या शाळेचं? नंतर मन परत शहराकडे ओढलं का? फार्महाऊसचे प्लॉट कृपया सुचवू नका.

सातबारा
प्लॉट सुचवत नाही, पण जमिनीच्या कागदापासूनच सुरुवात करा. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या किंवा वडिलांच्या नावाने राज्यात कुठे सातबारा आहे का, ते आधी शोधा.

दुसरं, तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. तरी जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकतात आणि एकाच सातबाऱ्यावर एकमेकांना न ओळखणारी दहा-पंधरा नावं चढवतात. पुढे त्यातल्या एकाने हरकत घेतली की बाकीचे सगळे अडकले. फेरफार, वहिवाटीचा रस्ता आणि विहिरीचं पाणी, हे तिन्ही मे महिन्यात जाऊन बघा. ऑगस्टमध्ये सह्याद्रीत कुठलीही जमीन पसंत पडते.

झुळूक
शेवटच्या वाक्याला +१. आणि वाचतेय. आमच्याकडेही दर रविवारी हाच विषय निघतो.

पौडकर
मुळशीचं नाव आलं म्हणून लिहितो. आमचं मूळ गाव धरणात गेलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून टाटा कंपनीने मुळा खोऱ्यात धरण धरलं. एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, पुढे सेनापती बापट तुरुंगात गेले. ‘जान किंवा जमीन’ ही तेव्हाची घोषणा. जमीन गेलीच. आमच्या खोऱ्यातलं पाणी घाटाखाली भिऱ्याला नेऊन त्यावर वीज करतात, आजही.

शंभर वर्षांनी त्याच तळ्याकाठी जाहिराती लागतात, निसर्गाच्या कुशीत साधं जीवन वगैरे. ते तळं म्हणजे आमची भातखाचरं आहेत. आमचे आजोबा काठावर उभं राहून हात करून दाखवायचे, तिथे आपलं खळं होतं, तिथे देऊळ. घाटमाथा, तुमच्यावर राग नाही. तुमच्या लिहिण्यात तळमळ आहे. पण औद्योगिक समाजाला कंटाळून तुम्ही जिथे यायचं म्हणता तिथे तो समाज तुमच्या आधी येऊन गेलाय, आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे.

यायचं तर जरूर या. आल्यावर पहिलं काम म्हणून तारेचं कुंपण घालू नका. गुरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट त्या कुंपणाने बंद होते, मग गावाशी बोलणं बंद होतं. ग्रामसभेला या, सप्ताहाला या, मयतीला या.

घाटमाथा
पौडकर, हा इतिहास शाळेत एका ओळीत वाचला होता. खळं, देऊळ, गुरांची वाट, हे कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. कुंपणाचं लक्षात ठेवीन.

सुमन_वेल्हे
मी वेल्ह्याकडच्या एका वाडीत वाढले, आता धायरीला असते. दादा, तुमच्या धाग्यात ‘साधं’ हा शब्द वाचला आणि मला आमचा झरा आठवला. चैत्र-वैशाखात विहीर आटली की डोंगरातल्या झऱ्यावर जायचं. खडकाच्या फटीतून पाणी पाझरायचं, खाली हाताएवढा खोलगट खड्डा. त्यात वाटीभर पाणी जमलं की वाटी आडवी धरून अलगद काढायचं. जरा ढवळलं तर गाळ वर येतो, मग निवळेपर्यंत परत बसायचं. असं वाटी-वाटीने हंडा भरायचा आणि मागे आणखी बायका नंबर लावून. पहाटेचं निघालेलं माणूस उन्हं चढल्यावर घरी.

पावसाळ्यात चुलीला ओली लाकडं. फुंकून फुंकून आईचे डोळे लाल, खोकला तर बारा महिने. घरात गॅस आला त्या दिवशी तिने अख्ख्या आळीला चहा पाजला. तो गॅस कारखान्यातूनच आला ना?

मला निसर्ग नको असं नाही. करवंदं, जांभळं, पहिल्या पावसाचा वास, सगळं जिवात आहे. पण साधं जगणं कुणाच्या कमरेवर उभं राहणार ते आधी ठरवा. वहिनी शाळेत शिकवतात म्हणता. त्यांची नोकरी सुटणार का? पाणी कोण भरणार, चूल कोण सारवणार? एवढ्या मोठ्या निर्णयात वहिनींचं मत मला कुठे दिसलं नाही.

तर्रीबाज
सुमनताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या सासूबाई म्हणाल्या, “त्या दादांना म्हणावं, आधी वाटीने एक हंडा भरून दाखवा, सातबारा नंतर बघू.”

अनघा_क
सुमनताईंना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या माहेरी हेच पाहिलंय.

भातखाचर
धागाकर्त्यांनी विचारलंय त्या प्रकारे आम्ही दोघं राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भोर तालुका, रस्ता संपतो त्याच्या पुढची वाडी. जमीन विकत घेतलेली नाही. गावातल्या एका कुटुंबाची खाचरं अर्धेलीने, म्हणजे निम्मं पीक मालकाला देऊन, करतो आणि त्यांच्याच जुन्या घरात भाड्याने राहतो. सातबारांचा मुद्दा त्यामुळे आम्हाला आडवा आला नाही, आणि पौडकरांचा कुंपणाचाही.

कामाची सुरुवात उन्हाळ्यात होते, हे पुण्यातल्या मित्रांना पटत नाही. रोपं करायच्या तुकड्यावर राब भाजायचा. शेण, त्यावर पालापाचोळा, गवत, वर बारीक माती, असे थर अंथरतात आणि वारा पडल्यावर पेटवतात. ज्वाळा नको असते, आच सावकाश खाली उतरायला हवी. त्याने तणाचं बी मरतं आणि रोप जोमाने येतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ही पर्यावरणाची हानी वाटली होती. घरमालकांच्या आईंनी न बोलता राब भाजलेला आणि न भाजलेला, असे शेजारी शेजारी दोन तुकडे ठेवून दाखवले. तरी मी हट्टाने एका खाचरात जीवामृत वापरतो. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. एवढं एकरभराला पुरतं. आजींना वास आवडत नाही, भात आवडतो.

पैशाचं स्पष्ट सांगतो. भातातून पैसा येत नाही, वर्षाचं खाणं येतं. रोख पैशासाठी मी दुकानदारांच्या हिशोबाची कामं करतो, बायको मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. दोन्ही कामांना मोबाईलचं नेटवर्क लागतं आणि ते टेकाडावरच्या जांभळाखाली मिळतं. म्हणजे औद्योगिक समाजाशी दोरी तुटलेली नाही. ती आखूड झाली आहे, आणि कुठे बांधायची ते आम्ही ठरवतो. आमच्या मानाने हे खूप आहे.

सुमनताई, तुमचं अक्षर न्‌ अक्षर खरं. आम्ही गॅस सोडलेला नाही. वरच्या झऱ्यावर गावाने टाकी बांधून पाईप खाली आणलाय, पंपाशिवाय पाणी येतं. हे नसतं तर मी बायकोला इथे राहा असं म्हटलं नसतं. घरात पाणी, सरपण, भांडी यांच्या पाळ्या आहेत.

पावसाळ्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून तेही लिहितो. जूनपासून पुस्तकांवर, चपलांवर, कमरेच्या पट्ट्यावर बुरशी. आठ-आठ दिवस ऊन नाही. वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. लाकूडफाटा मे महिन्यातच माळ्यावर चढवावा लागतो. रात्री-अपरात्री आजारपण आलं तर गावातली जीप, आणि जीपवाला उठून येतो कारण तुम्ही त्याच्या लावणीला गेलेले असता.

मन शहराकडे ओढतं का? नाटकासाठी ओढतं. बाकी नाही.

दाणेवाला
सुंदर प्रतिसाद, भातखाचर. खाचरात काय लावता? इंद्रायणी की आंबेमोहोर?

भातखाचर
दोन्ही. आंबेमोहोर थोडा, घरच्यापुरता. उंच वाढतो आणि परतीच्या पावसात आडवा होतो.

दाणेवाला
अवांतर : इंद्रायणीला लोक ‘गावरान, जुनं वाण’ म्हणतात. ते वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं वाण आहे, आंबेमोहोरापासून संकर करून काढलेलं. शास्त्रज्ञांची मेहनत आहे त्यामागे. मावळातल्या शेतकऱ्याला त्याने जे दिलं ते लक्षात घेता त्या मंडळींचे आभार मानायला हवेत.

पिंपरीचे_आजोबा
माझी सगळी नोकरी पिंपरीत झाली. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली तिथे उभी राहिली, पेनिसिलीन देशात बनू लागलं. त्याआधी पायाला काटा लागून जखम चिघळली आणि माणूस गेला, हे आमच्या खेड्यात सर्रास होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे औद्योगिक समाज वाईट आणि खेडं चांगलं, हे मला कुणी सांगू नये.

घाटमाथा, तुमच्या पट्ट्यावरच्या पोरांबद्दल लिहिलंत ते वाचून मलाही वाईट वाटलं. आमच्या वेळी पट्टा होता, पण कायम नोकरी होती, वसाहत होती, कँटीनमध्ये बसून जेवायची सुट्टी होती. ती आम्ही मागून, भांडून मिळवलेली होती. पोरं घाईने जेवतात याचं उत्तर भोरच्या खाचरात कसं सापडेल? तुम्ही गेलात तर तुमच्या जागी दुसरा येईल आणि पट्टा तसाच चालेल. उलट तुमच्यासारखा, ज्याला हे दिसतं, तो तिथे असण्याची गरज जास्त आहे.

झुळूक
आजोबा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आता विचारात पडले.

अनघा_क
आजोबांशी अर्धी सहमत, अर्धी नाही. साधं राहणं म्हणजे पळून जाणं असंच असतं का? गांधीजींचा टॉलस्टॉय फार्म बघा. १९१० साली जोहान्सबर्गजवळ ११०० एकरांवर सुरू झाला, जमीन त्यांचे मित्र कॅलनबाख यांची. तो काढला कशासाठी? सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना कमी पैशात एकत्र जगता यावं म्हणून. स्वतःच्या कामासाठी शहरात जायचं असेल तर २१ मैल पायी, असा नियम होता. कॅलनबाख चपला करायला शिकले आणि त्यांनी इतरांना शिकवलं. तिथला साधेपणा लढ्याला बळ देण्यासाठी होता. खर्च कमी असलेला माणूस घाबरत कमी.

आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण उरळी कांचनचं. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे राहिले, रोग्यांना पाणी, माती, आहार यांचे उपचार सांगितले, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. ते गेले आणि मणिभाई देसाई तिथेच राहिले, जन्मभर. त्यांनीच १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि गोठवलेलं वीर्य वापरून गाईंच्या संकराचं काम खेड्यापाड्यांत नेलं. म्हणजे साधं राहणारा माणूस विज्ञानाला पाठ फिरवतो असंही नाही. आजोबांच्या पेनिसिलीनला तिथे जागा आहे.

पिंपरीचे_आजोबा
अनघाताई, मणिभाईंना मानतो. पण ते रमायला गेले नव्हते, कामाला गेले होते. माझा मुद्दा तोच.

अनघा_क
मग आपलं एकमत आहे :)

जुनापेठकर
मला शहरात राहूनच काय करता येईल यावर लिहायचंय, कारण सगळे मावळात गेले तर मावळ उरणार नाही.

कसब्यात तांबट आळी आहे, पेशवाईपासूनची. लहानपणी आळीच्या तोंडाशी पोहोचायच्या आधी ठोके ऐकू यायचे. तिथून आणलेला तांब्याचा बंब आमच्या घरात तीन पिढ्या चालला. पितळी पातेल्यांना आम्ही अजून कल्हई करून घेतो. भांडं भट्टीवर तापवायचं, आत नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो, मग कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात फिरवायचं. काळवंडलेलं पातेलं डोळ्यांदेखत आरशासारखं होतं. पाच मिनिटांचं काम, पण हात बसायला वर्षं लागतात.

औद्योगिक समाजाला माझं उत्तर हे आहे : वस्तू टाकायची नाही. मिक्सर, पंखा, छत्री, चप्पल, दुरुस्त करणारी माणसं पुण्यात अजून आहेत. त्यांच्याकडे गेलो तर ती टिकतील. ओला कचरा गच्चीतल्या ड्रममध्ये जिरतो, त्यावर पालक, मिरची येते. सकाळी वेताळ टेकडीवर रोपांना पाणी घालणारी मंडळी आहेत, उन्हाळ्यात कॅन घेऊन चढतात. टेकडीतून रस्ता काढायचं ठरतं तेव्हा हीच माणसं रस्त्यावर उतरतात. त्यांच्यात सामील व्हायला सातबारा लागत नाही.

तर्रीबाज
जुनापेठकर, कल्हईवाल्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घरात पातेल्यांची रांग लागली आहे.

पारिजात_२
इतके दिवस फक्त वाचत होते, आज खातं उघडून लिहितेय, कारण मुलांच्या शाळेबद्दल विचारलंय आणि त्यावर कुणी लिहिलं नाही.

माझे आईबाबा मी लहान असताना पुणे सोडून गावात राहायला गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, पुढे एसटीने तालुक्याला. मला झाडांची नावं येतात, पोहता येतं, गाय दोहता येते. मैत्रिणी अजून त्याच. या सगळ्याबद्दल मी कायम कृतज्ञ राहीन.

पण एक गोष्ट सलते. त्या घरात साधेपणा हा आईबाबांचा निर्णय होता आणि आम्हा मुलांसाठी तो नियम होता. वाढदिवसाला मैत्रिणीने आणलेली प्लास्टिकची बाहुली परत करायला लावली होती. ती बाहुली तिच्या आईने मजुरीच्या पैशातून घेतली होती. गावातल्या बाकीच्या घरांना पंखा हवा होता, टीव्ही हवा होता, आणि आम्ही तो नको म्हणणारे एकटेच. मोठी झाल्यावर बाबांशी यावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

तुमची मुलगी आठवीत आहे, म्हणजे तिला मत आहे. तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर तेही उत्तर धरा. हो म्हणाली तर तिला महिना-दोन महिने आधी तिथे राहू द्या, सुट्टीत नव्हे, शाळा चालू असताना.

सुमन_वेल्हे
पारिजात, बाहुलीचं वाचून जीव गलबलला गं. असंच लिहीत राहा.

लोखंडपाणी
शाळेचा विषय निघालाच आहे तर पाबळचा विज्ञान आश्रम बघून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. केलेला माणूस मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून दुष्काळी पाबळमध्ये गेला आणि शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, विजेची कामं, शेती, बांधकाम हाताने करत शिकवू लागला. मी स्वतः तिथे मुलांनी वेल्डिंग करून उभारलेले घुमट पाहिलेत. घाटमाथा, तुमच्या हातात गुणवत्ता तपासणीचं कौशल्य आहे. गावात पंपापासून भातगिरणीपर्यंत सगळं नादुरुस्त पडलेलं असतं. शेती येत नाही म्हणून अडू नका, जे येतं ते घेऊन जा.

सातबारा
लोखंडपाणींशी सहमत. आणि भातखाचर यांची अर्धेलीची वाट मला कायद्याच्या बाजूनेही शहाणपणाची वाटते. मात्र कसणारा उद्या कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल असा गैरसमज व्हायला नको म्हणून दोन्ही बाजूंनी चांगल्या वकिलाकडून लिहून घ्या. जमीनमालकाच्या मनात ती भीती असतेच.

घाटमाथा
सगळे प्रतिसाद बायकोने आणि मुलीने बसून वाचले. बायकोचं मत मागितलं होतं, ते तिच्याच शब्दांत देतो : “मला गावात राहायला आवडेल, माझी शाळा सोडायला आवडणार नाही. भोरला बदली मिळते का बघते, तोवर जमिनीचं नाव काढायचं नाही.” मुलीने पारिजात_२ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि लावणी बघायला यायला तयार झाली, एवढंच म्हणाली.

माझं मूळ मत कायम आहे. गरजा कमी केल्याशिवाय या चक्रातून सुटका नाही असं मला आजही वाटतं. पण अनघा यांनी लिहिलं, खर्च कमी असलेला माणूस घाबरत कमी, ते मला चाकणमध्येही लागू आहे. घराचे हप्ते फिटलेत. पगाराची भीती नसेल तर पट्ट्यावरच्या पोरांच्या जेवणाच्या सुट्टीबद्दल मला बैठकीत बोलता येईल. आजोबा, या महिन्यात तो विषय लेखी मांडतोय. काय होतं ते इथे कळवीन.

भातखाचर, जुलैत लावणीला आलो तर चालेल का? सोबत काय आणू?

पिंपरीचे_आजोबा
शाब्बास. लेखीच द्या, आणि पोच घ्या. एकट्याच्या सहीने देऊ नका, दोघं-तिघं सोबत घ्या.

भातखाचर
अवश्य या, तिघंही. पहिला जोराचा पाऊस झाला आणि चिखलणी लागली की इथेच तारीख टाकतो. इरली घरात आहेत, रेनकोट आणू नका, वाकून काम करताना आत घामाने भिजायला होतं. गमबूटही नकोत, चिखलात रुतून बसतात, अनवाणीच उतरायचं. कमरेला शेक द्यायला रबरी पिशवी आणा, ती मात्र लागेल. जेवण आजींकडे आहे, त्यांना सुपारी आवडते.

सुमनताई, पौडकर, तुम्हीही या. लावणीची गाणी येणारं माणूस आमच्याकडे एकच उरलंय.

सुमन_वेल्हे
गाणी मला येतात. येते.

तर्रीबाज
गाडीत जागा आहे का कुणाच्या? स्वारगेटला उभा राहतो. सासूबाईंनाही यायचंय, वाटी घेऊन.